हातगुण आणि तीन रंगांच्या फुल्या

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या कारखान्यात हातात मोजमापाचा व्हर्निअर घेऊन उभा होतो. फोन मुग्धाचा, त्याच्या दवाखान्यातल्या सहकारी डॉक्टरचा. "काका, सर गेले. हार्ट अटॅक..." एवढंच ती बोलली. मी हातातल्या पार्टचं माप पुन्हा एकदा घेतलं, लिहिलं आणि मगच साहेबांना सांगून निघालो. याला दीड महिना झाला. त्या मापाचा आकडा अजून लक्षात आहे.

भास्कर माझा शाळेपासूनचा मित्र. फिजिओथेरपीनंतर तो ऑस्टिओपॅथी शिकला, म्हणजे हातांनी पाठ चाचपून कुठे अडलंय ते ओळखायचं आणि हातांनीच मोकळं करायचं. दवाखाना पंचवटीत. "डॉक्टरांना हातगुण आहे," असं पेशंट म्हणायचे आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकून स्वारी खुलायची. माझी पाठ बारा वर्षं दुखतेय, त्यामुळे मीही त्याच्या टेबलावर पालथा पडायचो. बोटं फिरवत तो ठामपणे सांगायचा, "चौथा मणका अडकलाय." पुढच्या खेपेला तिसरा. मी आयुष्य क्वालिटी विभागात काढलेला माणूस. एकच पार्ट दोघांनी मोजून दोन आकडे आले, तर आम्ही पार्टला दोष देण्याआधी मोजायचं साधन तपासतो. हे मी एकदा त्याला ऐकवलं. खोड वाईटच.

"मग तपास की," तो म्हणाला.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघं बसलो. माझ्या पाठीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून भास्करने लाल पेनाने खुणा केल्या. हाताला मणका कडक लागला तिथे ठिपका, आणि दाबल्यावर मी 'हं' म्हणालो तिथे फुली. ते प्लास्टिक बाजूला ठेवून मुग्धाने दुसऱ्यावर निळ्या खुणा केल्या. मग चहा झाला आणि आधीचं काही न बघता भास्करने तिसऱ्यावर हिरव्या केल्या. तिन्ही एकावर एक ठेवली. लाल-निळ्या ठिपक्यांचं सोडाच, भास्करच्या स्वतःच्या लाल आणि हिरव्या ठिपक्यांचंही जमेना. फुल्या मात्र बहुतेक एकाच जागी पडल्या होत्या.

भास्करने फुल्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे जेवढं जुळलं तेवढं तू बोललास म्हणून..."

"सर, एका पाठीवरून काय ठरतं?" मुग्धा म्हणाली.

"नाही ठरत. पण पेशंटला मी ठरल्यासारखं सांगतो ना."

दवाखाना त्याने बंद केला नाही. त्याच्या हातांनी लोकांना आराम पडत होता, मलाही पडायचा. पण मणक्याचा नंबर सांगणं थांबलं. आधी विचारायचा, "काय करायला जमत नाही?" आणि तेच केसपेपरवर लिहायचा. खाली बसून पोळ्या लाटता येत नाहीत. मोटारसायकलला किक मारता येत नाही. पुढच्या खेपेला तेवढंच तपासायचा. काही जुने पेशंट तुटले. डॉक्टरांच्या हाताला आता कळत नाही, असं बाहेर बोललं जाऊ लागलं. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. चांगलं चाललेल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास मी काढून घेतला, हे मनातून जाईना. तिन्ही प्लास्टिकं एकत्र फ्रेम करून त्याने टेबलासमोर टांगली, ती दिसली की मी मान वळवायचो. राग आला का, हे विचारायचं रोज ठरवायचो... राहून गेलं.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. आता मुग्धा तो चालवते. फ्रेम होती तिथेच होती.

"ही काढून टाकलीस तरी चालेल," मी म्हटलं.

"का काढू? नवा पेशंट विचारायचा, हे काय आहे, तर सर सांगायचे, माझ्या मित्राने माझे हात तपासून दिलेत, त्याचं सर्टिफिकेट."

आमच्याकडे मोजायच्या साधनात चूक निघाली तरी ते फेकत नाहीत. किती चुकतं ते लिहून सर्टिफिकेट देतात आणि साधन पुन्हा कामाला लागतं. हे मीच कधीतरी त्याला सांगितलं होतं.

मी टेबलावर पालथा झालो. "दुखेल तिथे बोला हं, काका," मुग्धा म्हणाली. तिने बोट टेकवायच्या आधीच माझ्या तोंडून 'हं' निघालं.