तरंगंबाडीला मावळलेला सूर्य

कुंभकोणमला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा तैलरंगांच्या नळ्या जास्त होत्या. पुण्यातल्या आमच्या चित्रकार मंडळाच्या प्रदर्शनात मी ‘पूर्व किनारा’ मांडणार, असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. भिंतीवरची मोक्याची जागाही भांडून मिळवली होती.

तिथल्याच मेलकावेरी भागात व्यंकटरावांकडे मुक्काम होता. मराठेशाहीत इकडे आलेल्या घराण्यातले निवृत्त इंजिनिअर. दवऱ्यात (काठाच्या पितळी वाटीत) ठेवलेला कॉफीचा पेला त्यांनी पुढे केला. मी विचारलं, “समुद्राच्या बाजूची खोली मिळेल का?”

“समुद्र येथे कोठे? बसने दोन घंटे जावे लागेल.”

नकाशावर ते अंतर माझ्या नखाएवढं होतं. त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीला मी मघापासून मनात हसत होतो, ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला तरंगंबाडीला घेऊन गेले. पोचेपर्यंत दुपार कलली. सपाट वाळू, सपाट पाणी, चार होड्या. मला नाट्य हवं होतं. म्हणून मी पाण्यात बुडणारा लालभडक सूर्य काढला.

जाळं सांधत बसलेली एक कोळीण उठून आली. तिनं चित्र पाहिलं, समुद्र पाहिला, पुन्हा चित्र पाहिलं आणि तमिळमध्ये काही बोलली. व्यंकटराव अवघडले.

“काय म्हणते?”

“येथे सूर्य समुद्रात कधीपासून मावळतो, विचारते. नवऱ्यास सांगावे लागेल म्हणते. तो सूर्य पाहून होडी घरी आणतो.”

खरा सूर्य माझी पाठ भाजत होता.

“कलावंताला स्वातंत्र्य असतं, सांगा तिला.”

त्यांनी सांगितलं. ती दोनच शब्द बोलली.

“‘होडीस नसते’, म्हणते.”

टर्पेंटाइनच्या चिंधीनं मी सूर्य पुसायला गेलो. लाल निळ्यात मिसळला आणि आभाळभर करडा चिखल झाला. परतीच्या बसमध्ये करकचून ब्रेक लागला, तेव्हा त्यातला थोडा व्यंकटरावांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर (धोतरावर) उमटला. मी माफी मागू लागलो.

डाग निरखत ते म्हणाले, “असू द्या. यात सूर्य नाही. बरोबर आहे.”

पुण्यात चित्र टांगलंच; भांडून मिळवलेली जागा रिकामी कशी ठेवणार? एक जाणकार त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. “या करड्या पोकळीत केवढं एकटेपण आहे! कसं साधलंत?”

“चिंतनातून,” मी म्हणालो.

खोटं इतक्या सहज निघालं की माझी मलाच लाज वाटली. माझं चित्र नीट पाहिलं होतं एकाच बाईनं, आणि मी तिचं नावही विचारलं नव्हतं.