अँटेनाच्या फटीतला रंग

संशोधन ही साधना आहे. तिला एकांत, शिस्त आणि काटेकोरपणा लागतो. आमच्या महाविद्यालयाच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनात हे वाक्य तीन पाहुण्यांनी पाठोपाठ उच्चारलं आणि तिघांनाही टाळ्या मिळाल्या. तांब्याच्या पाटीवर नक्षी कोरणारं यंत्र त्या दिवशी हार घालून मांडलं होतं. त्याला लागणारं रसायन मागाहून आणायचं ठरलं. हार सुकला, रसायन आलं नाही. त्यामुळे माझी साधना झाशीच्या सदर बाजारात, स्कूटर दुरुस्ती आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये बसणाऱ्या एका नेमप्लेटवाल्याकडे पार पडली.

विषय सांगायला सोपा होता. पुस्तकांवर, खोक्यांवर चिकटवायचा टॅग, तो वाचणारं यंत्र म्हणजे रीडर समोर आला की, तारेविना आपला क्रमांक सांगतो. त्या टॅगचा अँटेना मी आखत होतो. तो काडेपेटीहून मोठा नको होता आणि दोन वेगळ्या वारंवारता-पट्ट्यांत चालायला हवा होता, म्हणजे दोन जातींच्या रीडरना तोच टॅग पुरेल. उंच माणसाला आखूड खाटेवर झोपवायचं तर त्याला पाय दुमडावे लागतात. आम्ही तांब्याला वळणं देतो आणि त्यात फटी पाडतो.

बाहेरगावाहून करवून आणलेल्या पहिल्या पाटीच्या तपासणीत खालचा पट्टा जागेवर आला, वरचा हव्या त्या जागेच्या बराच वर निघून गेला. मार्गदर्शक सरांनी फोनवर शांतपणे सांगितलं की मुदतवाढ ही शेवटची. या खेपेला वरचा पट्टा खाली उतरला नाही तर सात वर्षांचा प्रबंध बंद. मोजणीची सोय दुसऱ्या शहरात होती आणि तिथली एकच तारीख मिळाली होती.

नेमप्लेटवाले माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. गावातल्या निम्म्या वकील-डॉक्टरांची नावं त्यांनी पितळेवर कोरलेली. झाशीत मराठी घरातला म्हटला की तो पंडित, मग तो पूजा सांगो की सोल्डरिंग करो. माझा नवा नकाशा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"पंडित जी, यह यंत्र शनि का है या राहु का?"

मी अँटेना, रीडर, टॅग असं सगळं समजावलं. घरातली अडचण लपवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली, आणि एवढंच विचारलं की हे पूर्वेच्या भिंतीवर लावायचं ना.

गाडीच्या दिवशी स्टेशनला जाता जाता मी पाट्या घ्यायला थांबलो. वर्तमानपत्राची घडी उघडली. रेघा सरळ होत्या, कोपरे धारदार होते, आणि प्रत्येक फटीत काळा एनॅमल रंग भरून, वाळवून, पुसून चकचकीत केलेला होता. नेमप्लेटच्या अक्षरांत भरतात तसा. ज्या फटी मी महिनाभर गणितं करून मोकळ्या ठेवल्या होत्या, त्याच.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बिना रंग की नक्काशी हम दुकान से बाहर नहीं जाने देते, साहब." पंडितजीचा मी साहेब झालो होतो, यावरून त्यांना किती लागलं ते कळलं. रंग खरवडायला वेळ नव्हता. रात्रभर डब्यात बसून मी प्रबंधाशिवायच्या आयुष्याचा विचार केला. तेही अगदीच वाईट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलेख उमटला. खालचा पट्टा जवळजवळ जागचा हलला नव्हता. वरचा उतरून नेमका हव्या त्या ठिकाणी बसला होता, आणि मी आखला होता त्याहून रुंदही झाला होता. अँटेनाचं बळ किंचित घटलं होतं, पण चालण्यासारखं. मोजणाऱ्या बाईंनी चारही पाट्या तपासल्या. चारही तशाच निघाल्या. फटींतल्या हवेच्या जागी रंग आल्याने तो पट्टा खाली सरकला, हे मला नंतर गणिताने सिद्ध करता आलं. आधी सुचलं नव्हतं. त्या नंतरच्या गणिताचंच प्रबंधात एक अख्खं प्रकरण झालं.

ऋणनिर्देशात नेमप्लेटवाल्यांचं नाव मी सर्वांत वर घातलं. सरांनी ते तिसऱ्या क्रमांकावर नेलं. मी पुन्हा वर आणलं. त्या माणसाला आपल्या दुकानाची लाज राखायची होती, आणि त्यात माझीही राखली गेली. इतक्या सरळ कारणाने माझं भलं क्वचितच कोणी केलं आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की भरण्यासाठी काळाच रंग का निवडला. मी रंगातल्या कार्बनवर, त्यामुळे होणाऱ्या ऊर्जेच्या क्षयावर आणि रुंदावणाऱ्या पट्ट्यावर पाच मिनिटं बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पदवी मिळाली. संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात गेलो, माफी मागितली, आणि तोच प्रश्न त्यांना विचारला.

दुकानात दोनच रंग होते, लाल आणि काळा. लाल संपला होता.