येशूचा उगम आणि माझं लग्न

एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचंय असं मी घरी सांगितलं, तेव्हा आईनं विचारलं, मुलगा काय करतो. बाबांनी विचारलं, येशू देव कधी झाला. आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. मुलगा माझ्याच रक्तपेढीत आहे, दिवसभर लोकांचे रक्तगट तपासतो आणि डब्यात रोज अंड्याची पोळी आणतो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि ते मिळाल्याशिवाय बाबा हो म्हणणार नव्हते. सरळ नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, अबोला धरला असता. पण येशूच्या देवपणाच्या तारखेवरून बापाशी कसं भांडतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रश्न वेडगळ वाटतो, पण आमच्या घरात त्याला कारण होतं. माझ्या आजी-आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीच्या मैदानावर धम्म स्वीकारला. तेव्हा घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरी शाळेच्या पाढ्यांच्या आधी पाठ होतात. मी सांगितलं त्या संध्याकाळी बाबा नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून त्या बोटावर मोजत होते. ब्रह्मा-विष्णू-महेश नकोत, राम-कृष्ण नकोत, गौरी-गणपती नकोत. येशूचं नाव कुठंच नाही. बाबांचा चेहरा खुलला. मग त्यांना चौथी प्रतिज्ञा आठवली आणि ते गप्प झाले, कारण देवानं अवतार घेतला हे मानायचं नाही असं चौथी सांगते.

म्हणजे हिशोब असा होता. येशू आधी माणूस असेल, चांगला, दयाळू, लोकांना शिकवणारा, आणि त्याच्या माघारी लोकांनी त्याला देव केलं असेल, तर लग्नाला हरकत नाही. पण तो पहिल्यापासून वरून उतरलेला देवच असेल, तर बाबांच्या मुलीच्या घरात अवतार आला आणि प्रतिज्ञा मोडली. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करणार आहोत, कुणीच धर्म बदलणार नाहीये, हे मी दहा वेळा सांगून पाहिलं. त्याचा उपयोग शून्य. माझं लग्न पहिल्या शतकात जाऊन अडकलं होतं.

आईनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. ती गांधीबागेच्या कापड बाजारात गेली आणि पांढरी साडी घेऊन आली. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, त्यांच्यातही पांढरीच, तेव्हा जगातले सगळे विद्वान काय ठरवायचं ते ठरवोत, साडी काही वाया जाणार नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या घरातली ही एकमेव निर्विवाद गोष्ट कपाटात वरच्या कप्प्यात जाऊन बसली.

बाबा वीज खात्यात होते. उभा जन्म लोकांच्या घरचे मीटर बघण्यात गेला. मीटरवर त्यांचा कधीच विश्वास नसे. ते मान वर करून वायर बघत बघत खांबापर्यंत जायचे, कारण वीज खरी कुठून येते ते मीटर सांगत नाही, खांब सांगतो. येशूच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. सकाळी चहा झाला की मोबाइलवर व्हिडिओ लावायचे. एकात येशू तरुणपणी काश्मिरात आला होता. दुसऱ्यात तो भिक्खूंच्या विहारात शिकला होता. तिसऱ्यात तो मुळात झालाच नव्हता, रोमन लोकांनी कागदावर बनवला होता. हा तिसरा बाबांना आवडला नाही. झालाच नसेल तर जावयाचे वडील रविवारी कुणाला भेटायला जातात, म्हणाले. भिक्खूंचा मात्र त्यांना एकदम पटला. दया, क्षमा, शत्रूवरसुद्धा मैत्री, हे सगळं तथागतानं पाचशे वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं, मग ते तिकडं गेलं कुठून? आठवडाभरात बाबांनी निकाल लावला. येशू आपलाच माणूस.

मी हे रक्तपेढीत माझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. त्याला वाचनाची खोड आहे. रक्ताच्या पिशव्यांवर लेबलं लावता लावता तो म्हणाला की पहिले ख्रिस्ती स्वतःला ख्रिस्ती समजतच नव्हते. ते सगळे यहुदी होते, यहुद्यांच्याच मंदिरात जायचे, डुकराचं मांस खायचे नाहीत, आणि आपण नवा धर्म काढलाय हे त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं असतं तर ते घाबरून घरी गेले असते. मला हे फार बरं वाटलं. मी ते घरी येऊन बाबांना सांगितलं आणि त्यानं ते त्याच्या घरी सांगितलं, आणि दोन्हीकडचे बाप एकाच संध्याकाळी आमच्यावर रागावले, एकाचा येशू बौद्ध राहिला नाही म्हणून आणि दुसऱ्याचा ख्रिस्ती राहिला नाही म्हणून.

तीन महिने हे चाललं. शेवटी आईनं परस्पर फोन करून त्याला आणि त्याच्या वडिलांना जेवायला बोलावलं. त्याची आई नाही, ती वारली. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता चर्चच्या पंच मंडळात आहेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालतात आणि हळू बोलतात. आमच्या बाजूनं काटोलहून मामा आला. मामा संत्र्यांचा दलाल आहे. दोन माणसं एकमेकांकडं पाठ करून उभी असली की त्याचा हात आपोआप शिवशिवायला लागतो.

जेवण चांगलं झालं. सावजी मटणाला कुणाचाच धर्म आड आला नाही. नंतर हात धुऊन सगळे बैठकीत बसले आणि बाबांनी घसा साफ केला. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. त्यांना त्या माणसाला आपलं म्हणायचं होतं. पण जन्मभर खांब शोधत फिरलेल्या माणसाला दुसरी भाषा येत नाही. ते म्हणाले, "मी सारं तपासून पाहिलं. तुमचा धर्म म्हणजे बुद्धाच्या लाइनवर टाकलेला आकडा होय."

नागपुरात आकडा टाकणं म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून वीज चोरणं. मुलाच्या वडिलांनी रुमालानं तोंड पुसलं आणि हळूच सांगितलं की आमच्याकडं वीज थेट पॉवर हाउसमधून येते. प्रभू पहिल्यापासून प्रभूच होते, ज्यांनी त्यांना मेल्यावर उठलेलं पाहिलं त्यांनीच जाऊन जगाला सांगितलं. त्यांच्यातला एक शिष्य तर जहाजात बसून आपल्या दक्षिणेत आला, तेव्हा इंग्रजांना साधे कपडे माहीत नव्हते, त्यामुळं हा गोऱ्यांचा धर्म असं कुणी म्हणू नये. असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण त्यांच्याजवळ ते तयार होतं.

मग मामा मध्ये पडला. मामाच्या मते दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही बाजार कळत नव्हता. माल शेतकऱ्याचा असतो. एक माणूस बाग लावतो, जीव लावतो, मरतो. मग दुसऱ्या गावचा एक हुशार माणूस येतो, त्यानं तो शेतकरी कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, पण तो चार शहरांत पत्रं पाठवतो, पेटीवर चिठ्ठी लावतो, आणि माल जगभर जातो. तुमच्या बायबलात पत्रंच पत्रं आहेत ना, त्यानं विचारलं. बायबलात अशा एका माणसाची पत्रं आहेतच, म्हणून मुलाच्या वडिलांनी नाइलाजानं मान हलवली. मामा खूश झाला, आणि आता भाव करू, म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. पण त्यानं खरोखरच खिशातून मोठा रुमाल काढला. पूर्वी बाजारात सौदे असेच व्हायचे, रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे भाव फक्त त्या दोघांना कळतो. आता त्याला बंदी आहे. मामानं आधी बाबांचा हात रुमालाखाली घेतला. बाबांनी बोटं दाबली. मामानं डोळे मोठे केले, मान हलवली, पुन्हा दाबादाबी झाली. येशू माणूस म्हणून किती वर्षं राहिला आणि देव कोणत्या साली झाला, याची माझ्या देखत घासाघीस चालली होती, आणि आई कोपऱ्यात बसून बडीशेप निवडत होती. माझा होणारा नवरा माझ्याकडं बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर तो हसला असता.

मग मामा रुमाल घेऊन मुलाच्या वडिलांकडं वळला. त्यांनी हात मागं घेतला. "देवाचा भाव करायला मी नाही आलो," ते म्हणाले आणि चपला बघू लागले.

मला तेव्हा इतका संताप आला की माझा आवाज माझाच राहिला नाही. मी म्हणाले की दोन हजार वर्षांपूर्वी कोण काय होतं याचं मला काही पडलेलं नाही, मी इथं आत्ता बसलेय, मला हा माणूस हवाय, आणि बाबा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते एकदा सरळ सांगा.

बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. ते मुलाच्या वडिलांकडं बघून बोलले. "माह्या मायनं घरातले देव टोपलीत घातले अन् नदीत सोडले. ती तेव्हा नवी नवरी होती. सासरच्या देवायले हात लावायची हिंमत पाहिजे. मले इतकंच पाहायचं आहे, का जे तिनं दारातून काढलं, ते माह्या पोरीच्या हातून पुन्हा घरात येऊ नये."

मुलाचे वडील उठायला निघाले होते, ते पुन्हा बसले. मग म्हणाले, आमच्या घरी हे कसं सुरू झालं ते मला ठाऊक आहे, तेवढंच सांगतो, त्याच्या आधीचं मी पुस्तकात वाचलंय. त्यांची आजी काटोलच्या बाजूच्या एका खेड्यातली. गावच्या विहिरीवर तिला चढू देत नसत. गावाबाहेर मिशनचा बंगला होता, त्याच्या आवारात विहीर होती. एक दिवस ती धीर करून गेली. तिथल्या बाईनं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, फक्त दोर तिच्या हातात दिला. येशू कोण हे आजीनं खूप नंतर विचारलं. आधी ती कित्येक दिवस नुसतं पाणीच भरत होती.

बाबांनी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बाबा खुर्चीत पुढं सरकले.

"ते माह्या मायचं माहेर होय. ती विहीर मले मालूम आहे. माय नेहमी सांगे. लहानपणी ती नाल्यात वाळू उकरून झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरे. बंगल्याची विहीर समोर दिसे. पण तिच्या बापानं सांगतलं होतं, तिथलं पाणी पेलं का धर्म जाते. कोणता धर्म जाणार होता गा आमचा? गावच्या विहिरीवर चढू देत नव्हता, तो?"

ते मोठ्यानं बोलले नव्हते. मामानं रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला. मुलाच्या वडिलांनी समोरच्या टीपॉयवरचा पाण्याचा पेला उचलला आणि बाबांच्या पुढं धरला. तो त्यांचाच होता, अर्धा प्यायलेला. बाबा कुणाचं उष्टं पीत नाहीत, आईचंसुद्धा नाही, बाहेर गेले तर स्वतःची बाटली नेतात. आई पटकन म्हणाली की थांबा, मी दुसरं आणते. बाबांनी तोवर पेला तोंडाला लावला होता. त्यांनी ते पाणी सगळं संपवलं आणि पेला मांडीवर धरून बसले.

मग आईनं विचारलं, नोंदणी होईल तेव्हा होईल, लग्नाचा समारंभ कधी करायचा. बाबा म्हणाले, आमच्यात मुहूर्त नाही, रविवार बरा, लोकायले सुट्टी राहते. मुलाचे वडील अवघडले. रविवारी चर्च असतं, त्यांनी अगदी हळू सांगितलं. आता पुन्हा तीन महिने जाणार हे मला दिसत होतं. बाबांनी त्यांच्याकडं बघितलं, हातातल्या रिकाम्या पेल्याकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग शनिवारी करू."

मी उठून आत गेले, कारण मला त्या सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं.