निळ्या ताटाचे दोन तुकडे

रविवार, ११ जानेवारी. आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत, म्हणून सकाळपासून माळा रिकामा करतेय. हे जे लिहितेय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

माळ्यावर सुमनची पत्र्याची ट्रंक होती. सुमन माझी धाकटी जाऊ, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलुंडच्या ह्याच घरात आम्ही दोघी एका ओट्यावर राबलो. ट्रंकेच्या तळाशी जुन्या साडीच्या फडक्यात दोन तुकडे निघाले, पांढरे, निळ्या नक्षीचे. मी स्टुलावरून उतरले आणि खाली फरशीवर बसले.

ते ताट सुमनच्या माहेरचं, वेंगुर्ल्याचं. तिचे पणजोबा जहाजावर खलाशी होते, त्यांनी आणलेलं. चीनमध्ये परदेशी विकायलाच असली भांडी घडवायचे म्हणे. निळा पूल, निळी होडी, दुमजली घर, काठाला जाळीची नक्षी — आणि माणूस एकही नाही. सुमनने लग्नात दागिने फार आणले नव्हते, हे आणलं होतं. नैवेद्याला आमच्याकडे पितळच लागायचं, पण प्रसाद वाटायला सासूबाई हे ताट काढायच्या. काढलं की आधी टिचकी मारायच्या, मडकं विकत घेताना मारतात तशी. टण्ण वाजायचं. मग म्हणायच्या, "सुमनच्या हाताला गुण आहे हो."

माझ्या हाताबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. कारण म्हणून हे सांगत नाहीये. होतं तसं सांगतेय.

अठरा वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, मी मोरीत भांडी घासत होते. पितळेचा तांब्या हातातून सुटला आणि ताटावर पडला. फुटलं नाही. केसासारखी एक रेघ गेली फक्त. मी टिचकी मारली. ठप्प.

तेव्हाच ओरडून सांगायला काय झालं होतं? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या. मला कुणाची भीती नव्हती, तेव्हाही नव्हती. मी ते पुसलं, स्टीलच्या ताटांमागे उभं केलं आणि कामाला लागले. दसऱ्याला निघालं, दिवाळीला निघालं. टिचकी मारून बघायला सासूबाई आता ओट्यापाशी येत नव्हत्या, गुडघे गेले होते. ताट धुणाऱ्या आम्ही दोघीच — आणि दोन्ही वेळा मीच पुढे होऊन धुतलं.

पण खरी गोष्ट ही नाही. अजून मी बाजूबाजूनेच फिरतेय, नाही का?

माघात सत्यनारायण होता. घर माणसांनी भरलेलं. शिऱ्याचं पातेलं गॅसवरून उतरलं तेव्हा सुमनने मला विचारलं, "वहिनी, निळं ताट काढू ना?"

मी म्हटलं, "काढ की. विचारतेस काय?"

हे माझं. एवढंच माझं. मला माहीत होतं ते तडकलंय. गरम शिरा पडला की काय होईल, हेही माहीत होतं. आणि तिच्या हातात व्हावं, सगळ्यांसमोर व्हावं — असं वाटलं होतं का मला? हो. वाटलं होतं.

ती पाटापर्यंत पोचली आणि ताट दुभंगलं, खाली पडून त्याचे आणखी तुकडे झाले. प्रसाद जमिनीवर, तिच्या पायांवर. सासूबाई म्हणाल्या, "सत्यनारायणाचा प्रसाद सांडलास गं! कसला हात तुझा!" पाय भाजला होता, पण तिने तो पाण्याखालीही धरला नाही. मी केरसुणी आणली. फार तत्परतेने आणली.

त्यानंतर सुमनने शुभकार्यात कशाला हात लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती. ओटी भरायची वेळ आली की स्वतःच मागे सरायची. "वहिनी, तुम्ही घ्या. माझा हात नको." सोळा वर्षं. आणि मी घेत गेले.

आज ते तुकडे उजेडात धरले. एकमेकांना बरोबर बसतात. फुटलेली कड काठापासून बोटभर पिवळट आहे, हळद-तूप मुरल्यासारखी, पुढे पांढरीशुभ्र. पिवळी ती जुनी चीर, पांढरी त्या दिवसाची. अख्ख्या ताटातून तिने नेमके हे दोनच उचलून ठेवले होते. ताट धुणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणजे चीर माझ्या हातून गेली होती, हे तिला कळलं होतं. आणि तरी ती "तुम्ही घ्या" म्हणत राहिली?

परवाच तिच्या लेकीचा, मृणालचा फोन आला होता. संक्रांतीला सासरी हळदीकुंकू आहे. म्हणाली, "काकू, तुम्ही येऊन वाण द्याल का? मी नको. माझा हात आईवर गेलाय."

तेव्हा मी "येते गं" म्हणून फोन ठेवला होता.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गोरेगावला गेले. मृणाल चहा टाकत होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, "काढ की" सकट. तिने गॅस बंद केला. मग एकच विचारलं.

"आईला माहीत होतं?"

"हो," म्हटलं.

तिने दार उघडलं. मी चपला घातल्या.