वाहेदभाईंची सावड

वाहेदभाईंच्या सीताफळाच्या कॅरेटमध्ये वरचा थर आणि खालचा थर सारखाच निघतो. केजच्या बाजारात हे फार कमी दिसतं. बाकीचे वर टपोरी फळं लावतात आणि खाली बारीक, दबलेली. वीस वर्षं मी त्यांच्याकडून फळं घेते. एकदाच दोन काळी निघाली, तर दुसऱ्या दिवशी चार आणून दारात ठेवली आणि वर माझीच माफी मागितली.

वय पंचावन्न, शिक्षण नववी. वडील बस स्टँडवर गाडा लावायचे. आई रहेमतबी गावाकडची दोन एकर सांभाळायची आणि खुरपणीला सावडीनं माणसं बोलवायची. आज सगळ्यांनी हिच्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. लहानपणी आईच्या मागे फिरताना वाहेदभाईंनी हे पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, नाजियानं, त्यांना वेबसाइट करून दिली. फोटो, भाव, फोन नंबर, सगळं होतं. फिरकलं कुणीच नाही. छोट्या धंद्यांच्या वेबसाइटची इंटरनेटवर एक मोठी यादी आहे. जिथे जास्त लोक जातात, ज्याला जास्त चांगली मतं मिळतात, ते पान यादीत वर. बाकीचे खाली, जिथवर कुणाचं बोट पोचत नाही.

"माळावर गाडा लावल्यासारखं झालं, ताई," ते मला म्हणाले होते. "मी ओरडतोय, अन् ऐकायला शेळ्या."

मग त्यांनी फोनवर एक गट काढला. नाव 'सावड'. त्यात शेळ्या विकणारे बिभीषणराव, एक मंडपवाले, जीपचं बुकिंग घेणारे, मेंदी काढणाऱ्या पोरी, असे चाळीस जण. रोज एकाची पाळी. त्या दिवशी सगळ्यांनी त्याची वेबसाइट उघडायची, नीट बघायची, चार ओळखीच्यांना सांगायची. मत लिहायचं तर माल हातात घेतल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम त्यांचा स्वतःचा.

या नियमावरूनच लखन बाहेर पडला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, गट जमवायला पहिल्यांदा त्यानंच मदत केली होती. त्याचं म्हणणं, बघायचं कशाला, पाच तारे टाका आणि मोकळे व्हा. त्यानं आपला गट काढला, 'नंबर वन'. तीनशे माणसं, पार सोलापूर-नांदेडपर्यंत. त्यांची पानं वर चढायला लागली आणि सावडीतली खाली सरकली. मग दोन्ही गटांत टोमणे सुरू झाले. तुमचे तारे खोटे, तुमचा माल सडका, असं काहीबाही. वाहेदभाई स्वतः कुणाला काही बोलत नसत, पण आपल्या लोकांना गप्प करता करता त्यांचा दिवस जाई.

माझी मुलगी ऋतुजा यात ओढली गेली ती यंदाच्या पावसाळ्यात, सावडीत नाव घालून. पुण्याची नोकरी सोडून ती घरी आली. धारूरकडच्या वाडीतल्या कडूबाई आणि त्यांच्या जावा घोंगड्या विणतात, त्यांच्यासाठी तिनं वेबसाइट काढली. तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर घोंगड्या विकल्या गेल्या नाहीत तर पुन्हा नोकरी. तेव्हापासून मला धड झोप नाही.

सप्टेंबरात तिची पाळी आली. घोंगडी हातात घेतल्याशिवाय कुणी लिहिणार नाही, म्हणून कडूबाई पाच घोंगड्या घेऊन जीपनं केजला आल्या. वाहेदभाईंच्या गोदामात माणसं जमली, खरोखरच्या सावडीसारखी. कुणी घोंगडी अंगावर घेतली, कुणी लोकर ओढून पाहिली.

"टोचती का वो, मावशी?" मंडपवाल्यांनी विचारलं.

"टोचनारच की! मेंढीची हाय, रेशमाची न्हाई," कडूबाई म्हणाल्या. "दोन हिवाळे वापर, मंग सांग."

एकानं तर मतातही 'थोडी टोचते' असं लिहिलं. वाहेदभाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि गोदामाचं वायफाय दिलं. तासाभरात एकतीस मतं पडली. ऋतुजा त्या रात्री पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी यादीतून तिचं पान गायब झालं. यादी चालवणाऱ्यांचं पत्र आलं. एका ठिकाणाहून, एका तासात एकतीस मतं आली आहेत, ती कुणी ठरवून लिहून घेतली का, सात दिवसांत कळवा.

मी वाहेदभाईंच्या दुकानात गेले. ते फळं निवडत बसले होते, नाजिया मोजून भरत होती.

"एवढंच लिहा, की माणसं आपापली आली होती," मी म्हणाले.

"आपापली कुठं आलती, ताई? मीच बोलावलतं. चहा बी मीच पाजला."

"पण त्यांनी खोटं तर लिहिलं नाही ना?"

"न्हाई. मंग मी कावून खोटं लिहू?"

तेवढ्यात लखन आला. त्याला बातमी लागली होती.

"चाचा, एका वायफायवर एकतीस फोन?" तो हसतच होता. "अवो, माझ्या पोरांनी जन्मात घोंगडीला हात लावला न्हाई. पण चार जिल्ह्यांतून, आठ दिवसांत, हळूहळू तारे टाकत्यात. मशीनला तेच खरं वाटतं. सावड शेतात चालती, चाचा, हितं न्हाई."

"तुझं बरोबर हाय," वाहेदभाई म्हणाले. "हे मला कळायला पायजे व्हतं."

लखन माझ्याकडे वळला. "काकू, ऋतुजाताईला माझ्या गटात पाठवा. नवीन पान काढू, महिन्यात वर आणतो. फक्त सावडीतून नाव काढायचं."

मी हो म्हणाले असते. खरंच म्हणाले असते. घरी येऊन ऋतुजाला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, कडूमावशींना काय सांगू? न बघताच सगळ्यांना आवडली?" आणि खोलीत निघून गेली. मला तिचा राग आला आणि वाहेदभाईंचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाजियाकडून उत्तर लिहून घेतलं. माणसं मी बोलावली. माल हातात घेऊन बघितल्यावर त्यांनी लिहिलं. ही पद्धत माझी, ऋतुजाचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर मला द्या.

"अब्बा, आपलं पान जाईल," नाजिया म्हणाली. "ऐन सीझन हाय."

"जाऊ दे. पाठव."

आठवड्यानं ऋतुजाचं पान परत आलं. एकतीसच्या एकतीस मतं पुसलेली, आणि जागा यादीत अगदी तळाला. वाहेदभाईंचं पान वर्षभरासाठी बंद झालं. सावडीतले तेवीस जण लखनकडे गेले. बिभीषणराव जाताना येऊन हात जोडून गेले. "शेळ्या इकायच्यात, भाई, काय करू," म्हणाले. वाहेदभाईंनी त्यांना दोन सीताफळं हातात दिली.

उरलेले सतरा अजून पाळी पाळतात. नियम बदलला आहे. आता फक्त बघायचं आणि ओळखीत सांगायचं. मत लिहायचं ते विकत घेणाऱ्यानं, त्याला वाटलं तर, त्याच्या घरून. ऋतुजाच्या पानावर आजवर दोन मतं आली आहेत. त्यातलं एक लातूरच्या कुणा आजोबांचं. दिवाळी होऊन गेली. अर्जुनरावांनी नोकरीचा विषय काढलेला नाही, आणि तो न काढण्याचा अर्थ काय, हे विचारायची माझ्यात हिंमत नाही.

परवा वाहेदभाईंकडून शेवटच्या तोड्याची डझनभर सीताफळं आणली. नव्या नियमानं मी मत लिहायला बसले. 'फळं गोड होती. हंगाम संपत आला म्हणून आकार लहान. वरची आणि खालची सारखीच निघाली.' टाकायला गेले तर त्यांचं पान बंद आहे हे आठवलं. म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे.