गारठलेले कासव
लाकडाच्या भुशाचा वास आला की तो हिवाळा आठवतो. लेकीचे मुठीएवढे कासव खाईना, हलेना. थंडीत कासवे झोपतात असे वाचून मी त्याला भुशाच्या खोक्यात निजवले आणि दिवसभर झाकण उघडून हालचाल शोधत राहिले. चौथ्या सकाळी कळंब्याहून दूध घालायला येणाऱ्या मावशी आत डोकावल्या. “झोपलंय कुठलं, गारठलंय त्ये! आमचं रेडकूबी असंच अंग चोरतंय. उन्हात घ्या की, बाई!” पायरीवरच्या उन्हात, कोमट पाण्याच्या ताटलीत मी त्याला धरून बसले. बराच वेळ फक्त पाणी हलत होते, मी बोटांनी त्याच्या पाठीवर सोडत होते तेवढेच. मग मान बाहेर आली, डोळे उघडले. त्या डोळ्यांत मला क्षमा दिसली, असे मी पुढे अनेकांना सांगितले. आज वाटते, तिथे नुसती भूक होती.