घाईची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी पाळकांच्या संदेशाआधी साक्षीची वेळ असते. ज्याच्या घरी प्रभूने काही केलं असेल, त्याने उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते. मी मात्र सहसा उभा राहत नसे. खात्री असल्याशिवाय बोलू नये, असं माझं म्हणणं. या वर्षी उभा राहिलो तेव्हा माझ्याइतकी खात्री त्या खोलीत कुणालाच नसेल.

ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात आमचं घर आहे. हंगामात धान खरेदीच्या केंद्रावर काटा आणि ओलावा बघायचं काम माझ्याकडे असतं. पोत्याच्या तोंडाशी खडखडीत वाळलेला दाणा आणि पोटात ओला, असं फार वेळा निघतं. म्हणून तोंडचा दाणा मी बघतच नाही. टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसतो, आतला दाणा तळहातावर घेतो आणि मग ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. ओला निघाला की पोतं परत. लोक चिडवतात, "भाऊ, पोरगी पाहाले गेलते तवाही नळी नेली होती का?" मी हसत नाही. काम ते काम.

गेल्या कापणीत धानाचं धसकट बायकोच्या तळपायात शिरलं. तिला साखरेचा आजार आहे. जखम करंगळीच्या मुळाशी, फार मोठी नव्हती, पण भरेना. गोळ्या आणि मलमपट्टी यांत मी चूक होऊ दिली नाही. प्रार्थनेतही होऊ द्यायची नाही, असं ठरवलं. शुक्रवारचे उपास धरले. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती पाय माझ्यासमोर करायची, मी वर हात ठेवायचो आणि देवाला आकडे सांगायचो. आज उपाशीपोटी साखर इतकी, गेल्या आठवड्यात इतकी होती. जखम जवाएवढी कमी झाली. माझे उपास इतके झाले. आता तुझ्याकडून एवढं व्हावं. आवाज हळू असायचा, म्हणून मला ती नम्र प्रार्थना वाटायची.

बायको डोळे मिटूनच म्हणायची, "देवाले रिपोट काऊन वाचून दाखवून राह्यले जी? तो का डॉक्टर हाये?"

"मधे बोलू नको," मी म्हणायचो आणि राहिलेला आकडा सांगून आमेन करायचो.

थंडी सरता सरता जखमेचं तोंड मिटलं. वर कोरडी खपली धरली, साखरही उतरली. त्याच रविवारी मी उभा राहिलो. पहिल्या दिवशीची साखर सांगितली, त्या सकाळची सांगितली, उपास सांगितले. लोकांनी जोरात आमेन म्हटलं. पाळक म्हणाले, "भाऊसारखा मोजूनमापून बोलणारा माणूस साक्ष देते, तवा विचार करा." मला ते फार आवडलं. घरापर्यंत ते वाक्य मी मनात घोळवत आलो.

बायको पलीकडे बायकांच्या बाजूला बसली होती. उभं राहण्याआधी मी तिला विचारलं नव्हतं. पाय तिचा होता.

त्यानंतर ती मोजे घालू लागली. आमच्याकडे होळीनंतर ऊन असं तापतं की अंगणात अनवाणी उभं राहवत नाही, आणि ही घरातसुद्धा पायात मोजे चढवून. शेजारीण म्हणाली, "बाई, काश्मीरले चालली का?" ही हसून म्हणाली, "टाचा फुटून राह्यल्या, मलम लावलं हाये." संध्याकाळी पाय पुढे करणंही तिने बंद केलं. "झाला न बरा आता. दुसऱ्यासाठी करा प्रार्थना," म्हणाली.

मी मोजे बघितले होते. चूल सोडून उठताना ती भिंतीला हात टेकते, हेही बघितलं होतं. अनोळखी माणसाच्या पोत्यात बिनदिक्कत नळी खुपसणारा मी, बायकोला 'मोजे काढ' म्हणालो नाही. ध्यानात आलं नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. ध्यानात आलं होतं. विचारलं तर काय निघेल याची भीती होती, आणि ती तिच्या पायासाठी कमी, माझ्या साक्षीसाठी जास्त होती. हे लिहितानाही दुसरा एखादा शब्द सापडतो का, म्हणून थांबून बघितलं. सापडला नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. पुरुष पुरुषांचे पाय धुतात, बायका बायकांचे. बायको सकाळपासून म्हणत होती, "मले नाई यायचं, डोकं दुखते." मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? तुझीच तर साक्ष आहे." ती आली.

पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, परात आणि तांब्या घेऊन बायकांच्या रांगेत एकेकीसमोर बसत होत्या. हिच्यासमोर बसल्या तेव्हा हिने पाय लुगड्यात ओढून घेतला.

"माझे नको जी. दुसरीचे धुवा."

"असं काऊन करते बाई? प्रभूचं काम हाये." पाळकबाईंनी हसत हसत मोजा ओढला. तो खाली येईना, आत चिकटला होता. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा ही कण्हली आणि खोलीभर वास पसरला. तो पाय पाळकबाईंनी दोन्ही हातांत धरून ठेवला आणि रडू लागल्या. पलीकडून मी बघत होतो. वरची खपली तशीच होती. बाजूने पाय काळा पडला होता.

सकाळी पहिल्या जीपने ब्रह्मपुरीला नेलं. डॉक्टर तपासताना विचारत होते, "कधीपासून आहे हे?" आकड्यांचा माणूस मी, बायकोकडे वळलो. बायको म्हणाली, "यायनं साक्ष देली, त्याच्या दुसऱ्या हप्त्यापासून."

"कसली साक्ष? कोर्टात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चर्चमध्ये." डॉक्टर पुन्हा पायाकडे वळले.

करंगळी काढावी लागली. बाकी पाय राहील की नाही हे आता सांगता येत नाही, जखम कशी भरते ते बघू, असं ते म्हणाले. ईस्टर दवाखान्यातच गेला. तिथे खाटेजवळ बसून मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुमी सगळ्यायसमोर सांगतलं का मी बरी झाली. मंग मी तुमाले खोटं पाडू का? अन् लोकं काय म्हणले असते? हिचाच विश्वास कमी." मग म्हणाली, "मलेही वाटे, मानलं तर होऊन जाईन."

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो आणि ती साक्ष परत घेतली. देवाने काय केलं ते बघण्याआधीच मी ते त्याच्या नावावर लिहून टाकलं, आणि बायकोला ते खरं करून दाखवावं लागलं, असं सांगितलं. आमच्यातले एक म्हातारे वडीलधारे बसल्या जागेवरून म्हणाले, "साक्ष वापस होते का भाऊ? ते का ओला धान हाये?" काही हसले. मीही हसलो असतो, पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. पाळक म्हणाले, "माझीबी चूक हाये. मी तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवला." नंतर सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मोठ्याने कुणीच केली नाही.

आता पट्टी मी बदलतो. रोज जखमेच्या तळापर्यंत बघतो. डॉक्टर अजूनही 'बघू' म्हणतात. बरेच दिवस मी तिच्यासमोर प्रार्थना केलीच नाही, हात ठेवायची लाज वाटायची. परवा पट्टी झाल्यावर तीच म्हणाली, "करा न प्रार्थना. सोडली का?"

मी पायाशी बसलो. आकडे जिभेवर आलेच. सकाळची साखर मला पाठ होती. ती गिळली. मग म्हणायला काही उरेना. वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत प्रभूने स्वतः कसं मागितलं होतं ते आठवलं. जे हवं होतं ते त्याने एकदम साधं सांगितलं, आणि शेवट बापावर सोडला. मी म्हणालो, "प्रभू, हिचा पाय राहू दे. मला तो पाहिजे. तू काय करशील ते मला माहीत नाही. मी कुणाला काही सांगणार नाही." एवढंच. आमेन म्हणायचं विसरलो. ते तिने म्हटलं.

मग मी विचारलं, "दुखते का?"

आधी ती नाही म्हणायची. या वेळी तिने वाकून पट्टीवर बोट ठेवलं.

"दुखते," म्हणाली. "इथी. लय दुखते."

जिथे तिने बोट ठेवलं तिथली पट्टी मी पुन्हा सोडायला घेतली.